क्रीडाशिक्षक क्नूट रॉक्नी यांचें चरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या अंकांत एखाद्या संताचें, निदान एखाद्या मिशनरी धर्मगुरूचें चरित्र असावें, अशी वाचकांची अपेक्षा असणार. आणि ती रास्तच आहे. असें असतां आम्ही येथें एका चेंडूच्या खेळाच्या शिक्षकाची हकीकत सांगावयास बसलों आहों, याचें कित्येकांस नवल वाटेल. क्नूट रॉक्नी हे संत नव्हते. ते जन्मानें कॅथोलिकहि नव्हते. वयाचीं सदतीस वर्षें उलटेपर्यंत ते ल्यूथरपंथी होते, आणि त्यांतलीं शेवटचीं पंधरा वर्षें त्यांनीं कॅथोलिक धर्मगुरूंच्या अंगणांत, आधीं विद्यार्थी म्हणून व मग पगारी शिक्षक म्हणून, काढलीं. इतक्या दीर्घ सहवासानंतर ते पवित्र ख्रिस्तसभेंत आले. ते कोणाच्या प्रवचनानें आले नाहींत, वादविवादानें तर नाहींच नाहीं. ते कसे आले, हें सांगण्यासाठींच हा खटाटोप आहे.

नॉर्वे देशाच्या पश्चिमेस डोंगर व तळीं यांच्या मध्यें व्हॉस नांवाचें एक गांव आहे. तेथें ४ मार्च १८८८ रोजीं क्नूटचा जन्म झाला. वडील लार्स हे घोडागाड्या बांधणारे कसबी कारागीर होते. १८९३ सालीं शिकागो शहरीं कोलंबसाच्या चारशें वर्षांच्या स्मरणार्थ जागतिक प्रदर्शन भरलें, तेव्हां आपल्या हातची गाडी मांडण्याच्या हेतूनें लार्स तिकडे गेले. याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या सर्वधर्मपरिषदेंत स्वामी विवेकानंदांचें भाषण झालें, त्यामुळें त्या सालचें शिकागो आपल्याकडील वाचकांस अगदींच अपरिचित नाहीं. लार्स यांस तें शहर मानवलें. त्यांनीं बायकामुलांस बोलावून घेतलें, आणि पांच वर्षांचा क्नूट परक्या देशांत, परक्या भाषेंत वाढूं लागला. गल्लींतल्या पोरांबरोबर मारामाऱ्या आणि चेंडू, हेंच त्याचें पहिलें शिक्षण. शाळा सुटल्यावर तो शिकागोच्या टपालकचेरींत नोकरीस लागला, आणि तेथें कांहीं वर्षें टपाल निवडण्याचें काम करून त्यानें थोडाबहुत पैसा गांठीस बांधला.

पुढें शिकावें अशी त्याची फार इच्छा होती. मित्रांच्या आग्रहावरून १९१० सालीं तो नोत्र दाम येथें आला. त्या वेळीं त्याचें वय बावीस वर्षांचें होतें. डोक्यावरचे केस विरळ होऊं लागले होते, नाक मोडकें होतें, बांधा ठेंगणा होता. अठरा वर्षांच्या गुळगुळीत चेहऱ्याच्या मुलांत हा टपालकचेरींतला बाप्या कसा दिसला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांत पुन्हां तो ल्यूथरपंथी.

नोत्र दाम हें फ्रेंच नांव. आमची माउली असा त्याचा अर्थ. १८४२ सालीं होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरु फादर एडवर्ड सोरीन यांनीं इंडियाना संस्थानांत, साउथ बेंड गांवालगत, दोन तळ्यांच्या काठीं या विद्यापीठाचा पाया घातला. याच संघाचे मिशनरी १८५३ सालीं आपल्या देशांत पूर्व बंगालपर्यंत येऊन पोंचले होते. १८७९ सालीं विद्यापीठाची मुख्य इमारत जळून खाक झाली, तेव्हां म्हाताऱ्या सोरीन यांनीं ती पुन्हां उभारली व तिच्या शिखरावरच्या सोनेरी घुमटावर पवित्र मरियेची मूर्ति बसविली. गरीब कॅथोलिकांचीं, विशेषतः आयर्लंडहून आलेल्या मजुरांचीं मुलें तेथें शिकावयास येत. रॉक्नी रसायनशाळा झाडण्यापुसण्याचें काम करून शिक्षणाचा खर्च भागवूं लागले, आणि झाडतां झाडतां त्याच शाळेंत उत्तम विद्यार्थी ठरले. तेथील प्राध्यापक फादर ज्यूलियस न्यूलँड यांच्या संशोधनांतून पुढें कृत्रिम रबराचा जन्म झाला. त्यांनीं या विद्यार्थ्याची योग्यता ओळखली. १९१४ सालीं पदवी घेतल्यानंतर रॉक्नी यांस तेथेंच रसायनशास्त्र शिकविण्याचें काम मिळालें, व तें त्यांनीं खेळाच्या शिक्षकपदाबरोबर कित्येक वर्षें केलें. खेळगड्यांस अभ्यासाचें वावडें असतें असें मानणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट ध्यानांत घ्यावी. ते विद्यापीठाच्या वाद्यवृंदांत बासरीहि वाजवीत असत.

आतां त्या खेळाविषयीं थोडें सांगणें प्राप्त आहे. चेंडूचा खेळ म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें देवळासमोरच्या मैदानांत सायंकाळीं पायांनीं चेंडू उडविणारीं मुलें येतात. अमेरिकन फुटबॉल तो नव्हे. त्यांतला चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. अकरा गड्यांनीं तो काखेंत धरून प्रतिपक्षाच्या भिंतींतून वाट काढीत पुढें न्यावयाचा, आणि प्रतिपक्षानें अंगावर पडून नेणाऱ्यास लोळवावयाचें. जुन्या काळीं सारा संघ एकमेकांस धरून एकाच जागीं आदळत असे. हाडें मोडत, आणि प्रसंगीं जीवहि जात. १९०५ च्या एका हंगामांत सुमारें अठरा तरुण दगावले. तेव्हां अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींस बोलावून समज दिली, व पुढील सालीं नियम बदलण्यांत आले. त्यांतला एक नियम असा कीं, ठराविक मर्यादेंत चेंडू हातानें पुढच्या बाजूस फेंकण्यास मुभा असावी. ही फेंक रॉक्नींनीं शोधून काढली, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. तें खरें नव्हे. सेंट लुई येथील जेझुइट धर्मगुरूंच्या विद्यापीठाचा संघ १९०६ सालींच ती वापरीत होता. परंतु मोठे संघ तिला पोरखेळ समजत, आणि सात वर्षें ती जवळजवळ अडगळींत पडून राहिली.

१९१३ च्या उन्हाळ्यांत रॉक्नी व त्यांचा सोबती गस दोरे हे दोघे एरी सरोवराच्या कांठीं सीडर पॉइंट या विहारस्थळीं नोकरीस राहिले. कामांतून मोकळीक मिळाली कीं हे दोघे वाळूंत जात. दोरेनें फेंकावें, रॉक्नींनीं धांवतां धांवतां झेलावें. तोंवर चेंडू उभ्या उभ्या पोटाशीं कवटाळून झेलण्याची रीत होती. धांव न थांबवितां, हात सैल सोडून, बोटांनीं तो अलगद टिपावयाचा, हें त्यांनीं त्या वाळूंत साधलें. सीडर पॉइंट येथेंच बॉनी स्काइल्स या तरुणीशीं रॉक्नी यांचा परिचय झाला, व १९१४ च्या जुलैंत उभयतांचा विवाह झाला. त्यांना चार अपत्यें झालीं.

त्याच १९१३ सालीं १ नोव्हेंबरला, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशीं, नोत्र दामचा संघ वेस्ट पॉइंट येथें लष्करी अकादमीच्या संघाशीं खेळावयास गेला. रॉक्नी त्या वर्षीं संघाचे कप्तान होते. लष्करी संघ नांवाजलेला आणि देहानें धिप्पाड. पश्चिमेकडच्या या अनोळखी कॅथोलिक शाळेस त्यांनीं हंगामांतला एक सोपा सामना म्हणूनच बोलावलें होतें. दोरेनें सतरा वेळां चेंडू फेंकला, आणि चौदा वेळां तो आपल्या गड्याच्या हातीं पडला. सामना ३५ विरुद्ध १३ असा नोत्र दामनें जिंकला. दुसऱ्या दिवशींच्या वर्तमानपत्रांनीं देशाला दोन गोष्टी कळविल्या: फेंक हा पोरखेळ नव्हे, आणि नोत्र दाम नांवाचें एक विद्यापीठ आहे.

पदवी मिळाल्यावर रॉक्नी हे मुख्य शिक्षक जेसी हार्पर यांचे मदतनीस झाले. १९१८ सालीं हार्पर यांनीं शेतीवाडीसाठीं नोकरी सोडली आणि आपल्या जागीं रॉक्नी यांचें नांव सुचविलें. विद्यापीठाच्या धर्मगुरूंनीं तें मान्य केलें. एका ल्यूथरपंथी गृहस्थाच्या हातीं त्यांनीं आपल्या शाळेचीं सर्वांत जास्त लोकांच्या नजरेंत येणारीं मुलें दिलीं, आणि धर्माची अट घातली नाहीं. आमच्या मतें या चरित्रांतील पहिली मोठी गोष्ट ही आहे. सामन्यांतले विजय मागाहूनचे.

ते विजयहि थोडे नव्हते. तेरा हंगामांत रॉक्नींच्या संघानें १०५ सामने जिंकले, १२ गमावले व ५ बरोबरीनें सोडले. पांच हंगाम असे गेले कीं त्यांत एकहि पराभव नाहीं. त्यांच्या संघांत अवाढव्य देहाचे गडी नेहमीं असत असें नाहीं. चपळाई आणि एकाच क्षणीं हालणारीं अकरा शरीरें यांवर त्यांचा भर असे. सामना सुरू होतांना कित्येकदां ते दुय्यम गडी मैदानांत धाडीत, प्रतिपक्षास दमूं देत, आणि मग पहिल्या प्रतीचे ताजे गडी सोडीत. १९२४ सालच्या संघांतील स्टुलड्रेअर, मिलर, क्राउली व लेडन या चौघांस एका वृत्तपत्रकारानें प्रकटीकरणाच्या पुस्तकांतील चार घोडेस्वारांची उपमा दिली. पवित्र शास्त्रांतलें तें भयंकर दर्शन चेंडूच्या खेळास लावणें आम्हांस कांहींसें अप्रशस्तच वाटतें. पण तें नांव देशभर झालें, व त्या चौघांचें घोड्यांवर बसविलेलें छायाचित्र अजूनहि लोक आवडीनें पाहतात. त्या हंगामाच्या अखेरीस १ जानेवारी १९२५ रोजीं कॅलिफोर्नियांत त्यांनीं स्टॅनफर्डच्या संघास २७ विरुद्ध १० असें हरविलें.

या विजयांचा अर्थ तेव्हांच्या अमेरिकन कॅथोलिकांस काय वाटत होता, हें आज समजणें थोडें अवघड आहे. त्या देशांत कॅथोलिकांकडे संशयानें पाहिलें जाई. ते पोपमहाशयांचे ताबेदार, खरे नागरिक नव्हेत, असें उघड बोललें जाई. कू क्लक्स क्लॅन नांवाची गुप्त संघटना काळ्या लोकांच्या व यहुद्यांच्या जोडीनें कॅथोलिकांचाहि द्वेष शिकवीत असे, आणि १९२०-३० या दशकांत तिचा जोर इंडियाना संस्थानांत फारच वाढला होता. १९२४ च्या मे महिन्यांत तिनें साउथ बेंड येथें मेळावा भरविला. नोत्र दामचीं मुलें चवताळून शहरांत गेलीं, झटापटी झाल्या, डोकीं फुटलीं. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनीं मुलांस गोळा करून शांत केलें व परत नेलें. त्याच वर्षीं शरदऋतूंत त्या विद्यापीठाचा संघ एकहि सामना हरला नाहीं. पिट्सबर्गच्या कारखान्यांतला पोलिश मजूर, बोस्टनच्या गोदीवरचा आयरिश हमाल, ज्यांनीं विद्यापीठाची पायरीहि कधीं पाहिली नव्हती, ते नोत्र दामच्या विजयाची बातमी घरच्या बातमीसारखी ऐकत. आसपासच्या मोठ्या विद्यापीठांच्या मंडळानें नोत्र दामला आपल्यांत घेतलें नाहीं. म्हणून रॉक्नी यांस आपला संघ न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंत साऱ्या देशांत फिरवावा लागला, आणि त्यामुळेंच तो साऱ्या देशाचा झाला.

या प्रवासांतच त्यांच्या जीवनाला वळण लागलें. तें समजण्यासाठीं एक मागची गोष्ट सांगितली पाहिजे. पोप संत दहावे पायस यांनीं १९०५ च्या डिसेंबरांत हुकूम काढून श्रद्धावंतांनीं वारंवार, शक्य तर रोज, पवित्र कम्युनियन घ्यावें असें कळविलें. त्यापूर्वीं भाविक माणसेंहि वर्षाकांठीं मोजक्याच वेळां कम्युनियन घेत. नोत्र दाममध्यें हा हुकूम मुलांच्या अंगवळणीं पाडण्याचें काम फादर जॉन ओहारा यांनीं केलें. हेच पुढें फिलाडेल्फियाचे आर्चबिशप व कार्डिनल झाले. संघ परगांवीं गेला तरी मुलें मिस्सा चुकवीत नसत. त्या काळीं मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबहि न घेतां कम्युनियन घ्यावें लागे, हें आपल्या वडीलधाऱ्यांस आठवत असेल. त्यामुळें न्याहारीपूर्वीं, पहांटेंच उठून देऊळ गांठणें भाग पडे.

एका मोठ्या सामन्याच्या आदल्या रात्रीं रॉक्नींस झोंप लागली नाहीं. पहांटें ते हॉटेलच्या दिवाणखान्यांत येरझारा घालीत असतां जिन्यावरून त्यांचे दोन गडी उतरून बाहेर पडले. थोड्या वेळानें आणखी दोघे. मग आणखी. विश्रांतीची सर्वांत अधिक गरज असलेल्या दिवशीं हीं पोरें अंथरूण सोडून कोठें चाललीं, म्हणून त्यांनीं विचारलें, तेव्हां मिस्सेला, असें उत्तर मिळालें. शिक्षक मागें हॉटेलांत राहिला आहे ही गोष्ट त्यांस कशीशीच वाटली, आणि तेहि त्यांच्याबरोबर देवळांत गेले. मुलें एकामागून एक वेदीच्या कठड्याशीं गुडघे टेकीत होतीं व हे मागें बसून पाहत होते. ही हकीकत पुढें त्यांनीं स्वतःच सांगितली आहे. आपल्या मुलांच्या अंगीं असलेली एक शक्ति आपण त्यांस दिलेली नाहीं, हें त्यांस त्या पहांटें उमगलें.

यानंतर लगेच कांहीं घडलें असें नव्हे. ते विचार करीत राहिले. घरीं मुलें कॅथोलिक श्रद्धेंत वाढत होतीं. अखेरीस फादर व्हिन्सेंट मूनी यांच्यापाशीं त्यांनीं धर्मशिक्षण घेतलें, आणि २० नोव्हेंबर १९२५ रोजीं विद्यापीठाच्या आवारांतील लांकडी ओंडक्यांच्या छोट्या चॅपेलांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. हें चॅपेल मूळ फादर स्टीफन बादीन यांनीं १८३१ च्या सुमारास बांधलें होतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गुरुदीक्षा मिळालेले ते पहिले धर्मगुरु. मूळ वास्तु जळाली, पण १९०६ सालीं तशीच दुसरी उभारली गेली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रॉक्नींनीं आपल्या लहान मुलाबरोबर पहिलें कम्युनियन घेतलें. बाप आणि मूल एकाच कठड्याशीं, एकाच सकाळीं. त्याच दिवशीं दुपारीं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाशीं सामना होता. अर्ध्या वेळापर्यंत नोत्र दामच्या नांवावर कांहींच नव्हतें व प्रतिपक्षाचे दहा गुण झाले होते. शेवटीं १३ विरुद्ध १० असा विजय मिळाला. यांत कोणीं चमत्कार शोधूं नये. बाप्तिस्म्याचा व गुणफलकाचा कांहीं संबंध नाहीं, आणि तो आहे असें मुलांस शिकविणें म्हणजे त्यांच्या श्रद्धेचा घात करणें होय.

तसा संबंध नाहीं हें रॉक्नींच्या पुढच्या वागण्यावरूनहि दिसतें. बाप्तिस्म्यास महिना होतो न होतो तोंच न्यूयॉर्कहून बातमी आली कीं, त्यांनीं कोलंबिया विद्यापीठाशीं तीन वर्षांच्या करारावर सही केली आहे. नोत्र दामशीं त्यांचा करार चालू होता. मोठ्या पगाराचा मोह पडला. बोभाटा झाला, त्यांस ओशाळें व्हावें लागलें, कोलंबियानें त्यांस मोकळें केलें, आणि नोत्र दामच्या धर्मगुरूंनीं त्यांस ठेवून घेतलें. पुढच्याच सालीं, २७ नोव्हेंबर १९२६ रोजीं, आपला संघ पिट्सबर्ग येथें कार्नेगी टेकशीं सहज जिंकेल अशा भरंवशानें त्यांनीं तो मदतनिसाच्या हवालीं केला, आणि आपण लष्कर व नौदल यांच्यामधला मोठा सामना पाहण्यासाठीं शिकागोस गेले. त्या हंगामांत तोंवर एकदांहि न हरलेला त्यांचा संघ त्या दिवशीं १९ विरुद्ध ० असा हरला. त्यांच्यावर टीकेची झोड उठली, व ती त्यांनीं निमूटपणें सोसली.

आणखी एक दोष आम्हांस येथें नमूद करणें भाग आहे, कारण तो लोकांस दोष न वाटतां उलट गमतीचा भाग वाटतो. गड्यांच्या अंगांत आवेश आणण्यासाठीं ते खोटेंहि सांगत. १९२२ सालीं जॉर्जियांतील एका सामन्यापूर्वीं, आपला लहान मुलगा बिली अत्यवस्थ असून रुग्णालयांत आहे असें त्यांनीं गड्यांस सांगितलें. गड्यांनीं डोळे पुशीत सामना जिंकला. आणि परत आल्यावर बिली स्थानकावर खडखडीत उभा होता, अशी कथा त्यांच्या खेळाडूंनींच पुढें हंसत हंसत सांगितली. आम्हांस हंसूं येत नाहीं असें नाहीं. परंतु आठवी आज्ञा मैदानाच्या कुंपणाबाहेर ठेवावयाची असते, असें कोठें लिहिलेलें नाहीं.

जॉर्ज गिपची गोष्ट याच जातीची आहे काय, हा प्रश्न आहे. मिशिगनच्या लोरियम गांवचा हा तरुण १९१६ सालीं नोत्र दामला आला. असा गुणी खेळाडू रॉक्नींस पुन्हां लाभला नाहीं, आणि असा बेशिस्तहि. जुगार खेळे, वर्गांत जाईनासा होई. एकदां तर त्यास विद्यापीठांतून काढूनहि टाकलें होतें. १९२० च्या हंगामाच्या शेवटीं त्याचा घसा सुजला, विष अंगभर पसरलें, आणि १४ डिसेंबरला, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, तो मरण पावला. तेव्हां आजच्यासारखीं औषधें नव्हतीं. रॉक्नी त्याच्या उशाशीं जात असत.

पुढें आठ वर्षें गेलीं. १९२८ चा हंगाम रॉक्नींचा सर्वांत वाईट. नऊपैकीं चार सामने गेले. १० नोव्हेंबर रोजीं न्यूयॉर्क येथें लष्करी अकादमीशीं सामना होता. त्याच्या चारच दिवस आधीं अध्यक्षपदाची निवडणूक होऊन ॲल स्मिथ हरले होते. ते त्याच न्यूयॉर्कचे गव्हर्नर, आणि मोठ्या पक्षानें त्या पदासाठीं उभे केलेले पहिले कॅथोलिक. त्यांच्या धर्मावरून त्यांची जी नालस्ती झाली तिची जखम त्या शहरांत अजून ओली होती. त्या दिवशीं खेळाडूंच्या खोलींत रॉक्नींनीं सांगितलें कीं, गिपनें मरतांना आपल्याजवळ एक मागणें ठेवलें होतें: संघ कधीं अगदीं संकटांत सांपडला तर मुलांस माझ्यासाठीं एक सामना जिंकावयास सांगा. खोलींत कोणाच्या तोंडून शब्द निघाला नाहीं. संघ १२ विरुद्ध ६ असा जिंकला. गिप खरोखर असें बोलला होता काय? रॉक्नींचा स्वभाव जाणणाऱ्या चरित्रकारांस याची शंका आहे, आणि ती निराधार नाहीं. एवढें खरें कीं मेलेल्या मुलाचें नांव त्यांनीं आठ वर्षें मनांत वागविलें होतें. १९४० च्या चित्रपटांत गिपची भूमिका रोनाल्ड रेगन या नटानें केली. तो नट १९८१ सालीं अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि गिपची गोष्ट त्यानें राजकारणांतहि वापरली. मृत मुलाच्या नांवाचा हा उपयोग रॉक्नींस आवडला असता कीं काय, कोण जाणे.

१९२९ सालीं नोत्र दामचें नवें मैदान बांधलें जात होतें. त्यामुळें सारे सामने परक्या ठिकाणीं खेळावे लागले. त्याच वेळीं रॉक्नींच्या पायाच्या शिरेंत रक्ताची गांठ झाली. ती सरकून हृदयाशीं गेली तर मरण, असें डॉक्टरांनीं बजावलें. त्यांनीं अंथरुणावरून व चाकांच्या खुर्चीवरून संघ चालविला. कार्नेगी टेकच्या सामन्यास तर त्यांस उचलून आणलें गेलें. तीन वर्षांपूर्वीं ज्या प्रतिपक्षाकडे त्यांनीं पाठ फिरविली होती तोच हा. संघ ७ विरुद्ध ० असा जिंकला, आणि त्या हंगामांत एकहि सामना हरला नाहीं. १९३० च्या ऑक्टोबरांत नवें मैदान खुलें झालें, व तो हंगामहि दहापैकीं दहा विजयांचा झाला. त्या वर्षीं आपल्याजवळचा सर्वांत चांगला संघ आहे असें त्यांस वाटत होतें.

१९३१ च्या मार्च महिन्याच्या अखेरीस, नोत्र दामवर निघणाऱ्या एका चित्रपटाच्या सल्लामसलतीसाठीं ते कॅलिफोर्नियाकडे निघाले. वाटेंत शिकागोस थांबून आईस भेटले. कॅन्सस सिटी येथें त्यांचे दोन मुलगे शाळेंत होते. ते सुटीहून परतत होते, म्हणून रॉक्नी त्यांची वाट पाहत थांबले. गाडीस उशीर झाला. विमानाची वेळ झाली, आणि भेट झाल्यावांचूनच ते निघाले. तो पवित्र सप्ताहांतला मंगळवार होता, ३१ मार्च. बझार नांवाच्या खेड्याजवळ, गुरें चरण्याच्या माळरानावर, ढगांतून विमान कोसळलें. दोन वैमानिक व सहा प्रवासी, सर्व आठहि जण ठार झाले. रॉक्नी त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे जुने गुरु जेसी हार्पर त्याच संस्थानांत गुरें पाळून राहत असत; तेच येऊन देह ओळखूं शकले. चौकशींत असें दिसलें कीं, विमानाचा पंख लांकडी असून आंतल्या ओलाव्यानें त्याचे सांधे सुटले होते. लोकांत एवढा क्षोभ झाला कीं तशा जातीचीं विमानें थांबवून तपासावीं लागलीं, आणि सर्व धातूचीं विमानें लवकर प्रचारांत येण्यास हा अपघात मोठें कारण झाला.

४ एप्रिल रोजीं, पवित्र शनिवारीं, विद्यापीठाच्या पवित्र हृदयाच्या देवळांत अंत्यविधि झाला. त्या दिवशीं मृतांसाठीं मिस्सा अर्पण करण्याची मुभा ख्रिस्तसभा देत नाहीं. वेदी उघडी, घंटा गप्प. अध्यक्ष फादर चार्ल्स ओडोनेल यांनीं प्रवचन केलें, आणि तें आकाशवाणीवरून देशभर ऐकूं गेलें. शवपेटी त्यांच्याच सहा गड्यांनीं वाहिली. नॉर्वेच्या राजानें आपला प्रतिनिधि पाठविला होता. व्हॉसच्या गाडी बांधणाऱ्याच्या मुलासाठीं तो त्या कॅथोलिक देवळांत उभा राहिला. साउथ बेंडच्या हायलँड दफनभूमींत त्यांस ठेवून लोक परतले, तेव्हां ईस्टरच्या रात्रीस थोडाच अवकाश उरला होता.